लवादाने केलेली वाटणी मान्य नाही, तर जिल्हा कोर्टात काय होऊ शकतं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलेली हकीकत आधी मांडतो. कुठे चुकत असेन तर पुढचं उत्तरही बदलेल. मुळशी तालुक्यात वडिलांच्या नावची पाच एकर जमीन, तुम्ही तिघे भाऊ आणि नाशिकला दिलेली एक बहीण. कोर्टकचेरी नको म्हणून तिघा भावांनी पाचशेच्या स्टॅम्पवर करार केला आणि दादांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरणाऱ्या सीएंना लवाद नेमलं. बहिणीची सही घेतली नाही. सीएंनी रस्त्यालगतची बाजू दादांना, मधली धाकट्याला आणि डोंगराकडची तुम्हाला दिली. निवाड्याची पीडीएफ आधी व्हॉट्सअॅपवर आली, सहीची प्रत तीन आठवड्यांनी रजिस्टर्ड पोस्टाने आली. लवाद दादांच्या गाडीतून जमीन बघून आले होते, हे तुम्हाला निवाडा वाचल्यावर कळलं. पीडीएफ येऊन आता अडीच महिने होत आलेत. तुमचे प्रश्न दोन: रस्त्याकडचा हिस्सा कोर्टातून मिळेल का, आणि तोवर दादांनी जमीन विकली तर काय?

पहिल्याचं उत्तर कडू आहे. रस्त्याकडचा हिस्सा या मार्गाने मिळणार नाही. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करून मागण्यासाठी तुम्ही जो अर्ज कराल, तो अपील नसतो. न्यायाधीश दोन गुंठ्यांची किंमत लावत बसत नाहीत, कोणाला किती फ्रंटेज, म्हणजे रस्त्यालगतची बाजू, मिळालं हे मोजत नाहीत. निवाड्यात उघड बेकायदेशीरपणा आहे असं म्हणायची सोय २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३४(२अ) मध्ये स्पष्ट शब्दांत आली. पण त्याच पोटकलमात लिहून ठेवलंय की कायदा चुकीचा लावला किंवा पुरावा पुन्हा तोलला तर निष्कर्ष वेगळा निघाला असता, एवढ्यावरून निवाडा रद्द होणार नाही. निवाडा बदलून मागायचा म्हणाल, तर गायत्री बालसामी प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने कोर्टांना दुरुस्तीचा मर्यादित अधिकार आहे असं ठरवलं. मर्यादित म्हणजे वेगळा काढता येण्यासारखा भाग काढणं, हिशेबाची किंवा टायपिंगची चूक सुधारणं, काही परिस्थितीत व्याज. डोंगराकडचा तुकडा दादांना आणि रस्त्याकडचा तुम्हाला, अशी अदलाबदल त्यात बसत नाही.

म्हणून तुमच्या रागाचं कारण आणि तुमच्या अर्जाचं कारण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. राग वाटणीचा आहे. अर्ज मात्र ती वाटणी कोणी, कशी आणि तुम्हाला किती ऐकून घेऊन केली यावर उभा राहील. माझ्याकडे येणारे बहुतेक अशील पहिल्या बैठकीत तासभर जमिनीचं वर्णन करतात. विहीर कुठे, पाट कुठून येतो, आंबे कोणी लावले. मी ऐकून घेतो आणि मग लवादासमोरच्या तारखांचे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या नोंदी, मागतो. तिथे फाइल रिकामी असते.

आता मुदत. यात चूक झाली तर बाकी सगळं उत्तर वाया. कलम ३४(३) प्रमाणे निवाडा मिळाल्यापासून तीन महिने. सबळ कारण दाखवलं तर आणखी तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. उशीर माफ करायचा मुदत कायद्यातला नेहमीचा कलम ५ चा अर्ज इथे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच पॉप्युलर कन्स्ट्रक्शन प्रकरणात सांगून टाकलंय. तीन महिने म्हणजे कॅलेंडरचे महिने, नव्वद दिवस नव्हेत. प्रत १२ नोव्हेंबरला हातात पडली तर मुदत १२ फेब्रुवारीला संपते.

मोजायला सुरुवात कधीपासून? कलम ३१(५) नुसार लवादाने सही केलेली प्रत प्रत्येक पक्षाला द्यायची असते आणि ती पक्षाच्या हाती पडल्यापासून मुदत धावते, असं २०११ च्या आर्क बिल्डर्स प्रकरणात ठरलं. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्र शासनाचंच होतं. त्या हिशेबाने तुमची मुदत पोस्टाच्या प्रतीपासून. पण व्हॉट्सअॅपवरची पीडीएफ सही असलेल्या प्रतीचं स्कॅन होतं का, ते स्वतः लवादांनी पाठवलं की दादांनी फॉरवर्ड केलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लवादांनीच सहीचं स्कॅन पाठवलं असेल तर समोरचे वकील पहिल्याच तारखेला ‘मुदत तिथूनच सुरू झाली’ म्हणून हरकत घेणार. त्या वादात जिंकण्याची शक्यता तुमची आहे, पण वादात पडायचंच कशाला? पीडीएफच्या तारखेपासून तीन महिने धरा आणि त्याच्या आत अर्ज दाखल करा. म्हणजे तुमच्या हातात आता जेमतेम दोन आठवडे आहेत. पोस्टाचं पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवा, तो पुरावा आहे.

सुट्ट्यांचंही सांगतो, कारण मे महिन्यात आणि दिवाळीत इथे हमखास गोंधळ होतो. आसाम अर्बन वॉटर सप्लाय या २०१२ च्या प्रकरणात निवाडा २६ ऑगस्ट २००३ ला मिळाला होता. तीन महिने संपले, वरचे तीस दिवस नाताळच्या सुट्टीत संपले आणि कोर्ट उघडलं त्या दिवशी, २ जानेवारी २००४ ला, अर्ज दाखल झाला. फेटाळला गेला. मूळ तीन महिन्यांचा शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडल्या दिवशी दाखल करता येतं, वाढीव तीस दिवसांना ती सवलत नाही. दादा ‘घरात बसून मिटवू, घाई करू नको’ म्हणत असतील तर बसा, चहाही घ्या. फक्त बोलणी चालू असल्याने मुदत थांबत नाही. चांगले मुद्दे असलेली प्रकरणं नातेवाइकांच्या बैठकांमध्ये मुदतीबाहेर गेलेली मी पाहिली आहेत.

निवाड्यात नुसता गट नंबर किंवा क्षेत्र चुकलं असेल तर त्यासाठी कलम ३३ होतं. लवादांकडेच तीस दिवसांत दुरुस्ती मागायची. ते दिवस तुमचे गेलेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

मुद्द्यांकडे येतो. तुमच्या हकिकतीत मला दोन जागा दमदार वाटतात आणि दोन्ही तुम्ही ओझरत्या लिहिल्या आहेत.

पहिली जागा सीएंची. २०१५ च्या दुरुस्तीने कायद्याला सातवी अनुसूची जोडली. त्यातल्या नात्यांत बसणारा माणूस कलम १२(५) प्रमाणे लवाद व्हायलाच अपात्र ठरतो. जवळचे कुटुंबीय त्यात आहेत, पण त्याची व्याख्या अरुंद आहे: पती-पत्नी, भावंडं, मुलं, आईवडील, जोडीदार. मामा, आत्याचे यजमान त्यात येत नाहीत, त्यामुळे गावाकडे मामांना लवाद नेमण्याची जी पद्धत आहे ती एवढ्यावरून बाद होत नाही. अनुसूचीची पहिलीच नोंद मात्र एखाद्या पक्षाचा नोकर, सल्लागार किंवा त्याच्याशी पूर्वीचा वा आताचा व्यावसायिक संबंध असलेला माणूस अशी आहे. दादांचे रिटर्न भरणारे सीए त्यात बसतात, असं मी तरी ठामपणे मांडेन.

यावर ‘तुम्ही तर स्वतः सही करून त्यांना नेमलं, प्रत्येक तारखेला हजर राहिलात’ हे उत्तर येणारच. हजर राहण्याने ही अपात्रता धुतली जात नाही. वाद उपस्थित झाल्यानंतर दोन्ही बाजूंनी लेखी आणि स्पष्ट करार करून ती सोडून द्यावी लागते, आणि तोही या माणसाला कायद्याने अडचण आहे हे माहीत असून, असं भारत ब्रॉडबँड प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. आता तुमचा स्टॅम्पचा करार काढा आणि लवादांच्या नावाभोवतीची दोनतीन वाक्यं शांतपणे वाचा. ‘श्री. अमुक हे आमच्या परिचयाचे असून त्यांचा निर्णय आम्हांस मान्य राहील’ एवढंच असेल तर मुद्दा जिवंत आहे. ‘ते थोरल्या भावाचे करसल्लागार आहेत याची आम्हांस जाणीव आहे व त्याबाबत हरकत नाही’ असं असेल तर मुद्दा जवळजवळ संपला. हा करार वाद सुरू झाल्यावर केलेला असल्याने सगळं त्या ओळीवर आहे. सीए तिघांचेही रिटर्न भरत असतील तर अनुसूची तांत्रिकदृष्ट्या लागू होते, पण पक्षपाताच्या आरोपातली हवा जाते. तेही खरं काय ते तुमच्या वकिलांना आधीच सांगा. शिवाय लवादाने नेमणुकीपूर्वी आपले हितसंबंध लेखी जाहीर करायचे असतात, त्यासाठी सहाव्या अनुसूचीत नमुना दिलाय. घरगुती लवादांमध्ये तो कागद सहसा नसतोच. नसेल तर तेही अर्जात यायला हवं.

दुसरी जागा ती गाडीतली फेरी. कलम २४(२) सांगतं की सुनावणीची, तसंच कागदपत्रं किंवा मालमत्तेच्या पाहणीसाठी होणाऱ्या बैठकीची पुरेशी आगाऊ सूचना पक्षांना दिली पाहिजे. जमीन पाहताना दादांनी काय दाखवलं, ‘हा रस्ता मीच स्वखर्चाने केला’ असं काही सांगितलं का, हे तुम्हाला माहीत नाही आणि खोडायची संधीही मिळाली नाही. आपली बाजू मांडता न येणं हे ३४(२)(अ)(iii) मधलं सरळ कारण आहे. असे मुद्दे न्यायाधीशांना लगेच कळतात, त्यासाठी लांब युक्तिवाद लागत नाही.

अडचण पुराव्याची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कारणांची सिद्धता लवादासमोरच्या अभिलेखावरूनच, म्हणजे तिथे आलेल्या कागदांवरूनच, करायची आहे. नव्याने साक्षीदार उभे करण्याची परवानगी अगदी अपवादाने मिळते. त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याने दोघांना बांधावर पाहिलं, याचा फारसा उपयोग नाही. उपयोग निवाड्यातल्याच वाक्याचा. ‘मी समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता असे दिसून आले की...’ अशा धाटणीचं वाक्य आणि त्यापुढची तारीख शोधा. मग त्या तारखेच्या आधीच्या नोटिसा, ईमेल, व्हॉट्सअॅप संदेश पाहा. तुम्हाला उद्देशून पाहणीचा एकही निरोप नसेल तर मुद्दा कागदावरच सिद्ध होतो. निवाड्यात व्हॅल्युअरच्या अहवालाचा उल्लेख असेल तर त्याची प्रत तुम्हाला दिली होती का, हेही बघा. लवाद ज्या तज्ज्ञ अहवालावर विसंबतो तो पक्षांना द्यावा लागतो, हे त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात आहे.

तिसरी जागा कदाचित असेल, कदाचित नसेल. निवाड्यात कारणं दिलीत का? सीए, निवृत्त अधिकारी, घरातले वडीलधारे यांचे निवाडे मी बरेच वाचले आहेत आणि त्यात एक ओळ वारंवार भेटते: ‘सर्व भावांचे हित व घराण्याची प्रतिष्ठा विचारात घेऊन योग्य वाटले तसे वाटप केले आहे.’ भावना चांगली, कायद्याला मान्य नाही. केवळ न्यायबुद्धीला पटेल तसं ठरवायचं असेल तर पक्षांनी लवादाला तसा अधिकार स्पष्टपणे द्यावा लागतो, हे कलम २८(२) मध्ये आहे. तो करारात नसेल आणि तुम्हाला डोंगराकडची बाजू का, याचं एकही कारण नसेल, तर ३४(२अ) खाली काहीतरी हाती लागतं. मात्र अशा वेळी कोर्ट ३४(४) वापरून लवादांना उणीव भरून काढायची संधी देऊ शकतं, म्हणून एवढ्या एकाच मुद्द्यावर मी अर्ज उभा करणार नाही.

बहिणीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. माझ्या मते या प्रकरणातली सर्वात वजनदार व्यक्ती तीच आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर विनीता शर्मा प्रकरणातल्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, वडील कधी वारले याने फरक पडत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी वारस म्हणून तिचा भावांइतकाच हिस्सा आहे. तिने हक्कसोडपत्र करून दिलंय का, हे मात्र आधी विचारा. नोंदणीकृत हक्कसोड असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. ‘तिचं लग्नात सगळं दिलंय’ हे हक्कसोडपत्र नव्हे.

तिने लवादाच्या करारावर सही केलेली नाही, म्हणून निवाडा तिला बांधत नाही. त्याच कारणाने तिला कलम ३४ खाली अर्जही करता येणार नाही, कारण तो मार्ग पक्षांसाठी आहे. तिचा मार्ग दिवाणी कोर्टात वाटपाचा स्वतंत्र दावा. तुमच्या अर्जात तुम्ही ‘हिस्सेदार बहिणीला वगळून केलेलं वाटप मुळातच बेकायदेशीर’ असं म्हणू शकता, म्हणाच. पण तुम्हीही तिला वगळूनच सही केली होती, हे समोरचे पहिल्या पाच मिनिटांत दाखवतील. त्यामुळे हा मुद्दा तुमच्या तोंडी निम्म्या वजनाचा होतो. एक सल्ला न विचारता देतो: तिला पुढे करून दावा लावू नका. तिला खरोखर हिस्सा हवा असेल तर तिने तिचा वकील स्वतः निवडावा. तुमच्याच वकिलाचं वकीलपत्र, तुमचीच फी, असा दावा उलटतपासणीत उघडा पडतो.

आता विक्रीची भीती. नुसता अर्ज दाखल केल्याने निवाड्याला स्थगिती मिळत नाही. २०१५ पूर्वी ती आपोआप मिळत असे, म्हणून जुनी माणसं अजून तसं सांगतात. आता कलम ३६(२) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज, त्याच दिवशी, त्याच फाइलबरोबर द्या. मुदत संपेपर्यंत दादांनाही दरखास्त, म्हणजे निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावता येत नाही, हा तुमचा थोडा श्वास. अर्ज द्यायचा पुण्यात शिवाजीनगरला, जिल्हा न्यायाधीशांकडे. दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तराकडे देऊन परत आलेली प्रकरणं आहेत, आणि त्या ये-जा करण्यात दिवस जातात. करारात लवादाचं स्थळ मुंबई लिहिलं असेल तर मात्र गोष्ट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जाईल, तेवढी ओळ तपासा. समोरच्यांना आगाऊ नोटीस द्यायची असते. ती राहिली म्हणून अर्ज पडत नाही, तरी द्या.

त्याआधी आजच ताजा सातबारा काढा. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीने चौघांचीही नावं लागलेली असतील, तर दादांना रस्त्याकडचा विशिष्ट तुकडा स्वच्छ विकणं अवघड आहे. पुण्यात कोणताही शहाणा खरेदीदार वकिलाकडून सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घेतल्याशिवाय पैसे मोजत नाही आणि तो वकील बहिणीची सही मागणारच. निवाड्यावरून फेरफार पडला असेल किंवा पडायच्या बेतात असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की नोंद वादग्रस्त ठरते आणि सुनावणी होते. कोर्टात अर्ज दाखल झाला की लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर कोर्टात वाद चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा, इंडेक्स टू (तिथल्या नोंदलेल्या दस्तांची सूची) पाहणाऱ्याला ती दिसते. दुय्यम निबंधकाला नुसतं ‘दस्त नोंदवू नका’ असं पत्र देऊन विसंबू नका. मालकी कोणाची हे तपासणं त्यांचं काम नाही.

निवाड्याला मुद्रांक नाही, तो नोंदलेला नाही, असा मुद्दा तुम्हाला कोणीतरी सुचवेल. वाटप करणारा निवाडा मुद्रांक कायद्याच्या दृष्टीने वाटणीपत्रच असतो, त्यामुळे मुद्दा चुकीचा नाही. पण त्याची जागा कलम ३४ ची नाही, दरखास्तीची आहे. अनसूया देवी प्रकरणात २००३ मध्ये हेच ठरलं. दादा अंमलबजावणीला येतील तेव्हा तो वापरा.

समजा तुम्ही जिंकलात. निवाडा रद्द झाला म्हणजे जमीन पुन्हा सामाईक झाली, एवढंच. मग नवा लवाद किंवा वाटपाचा दावा. लवादात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, ती काळजी नको. कायद्याने हा अर्ज नोटीस बजावल्यापासून वर्षभरात निकाली काढायचा असतो. मी अशिलाला मनाने त्याहून जास्त धरायला सांगतो, आणि पुढे कलम ३७ चं अपील मुंबईला, उच्च न्यायालयात. कोल्हापूरला सर्किट बेंच झालं तरी पुणे जिल्हा त्यात नाही.

म्हणून अर्ज मुदतीत आणि नीट दाखल करा, स्थगिती मागा, आणि मग तडजोडीचं दार उघडं ठेवा. स्थगिती मिळालेली असली आणि बहिणीचा हिस्सा डोक्यावर असला की दादांच्या वकिलांनाही बोलावंसं वाटतं. तुमच्यासारख्या प्रकरणात बहुधा रस्त्याचा तोडगा निघतो: फ्रंटेज दादांकडेच राहतं, पण मागच्या दोन्ही हिश्श्यांना गाडी जाईल असा रस्ता मोजणी नकाशावर आखून मिळतो, वर काही रक्कम. तसं जमलं तर कोर्टात तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, देऊन थांबू नका. मोजणी करून नोंदणीकृत वाटणीपत्र करा, त्यात रस्त्याची रुंदी मीटरमध्ये लिहा आणि नाशिकहून बहिणीला बोलावून तिचीही सही घ्या.